केसांचं देणं

शोवा शकाचं चोविसावं वर्ष, म्हणजे इसवी सन एकोणीसशे एकोणपन्नास. वसंत ऋतू. डोंगरावरचा बर्फ वितळून ओढ्याला गढूळ पाणी आलं होतं. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा समुद्रात उतरलो.

मी मचवा बोलतोय. लहान, दोन माणसांचा, देवदाराच्या फळ्यांचा. कुरोहामा गावच्या तोमेझोचा मचवा अशी माझी ओळख होती. आता मला तसं कोणी म्हणत नाही.

फार बोलणार नाही. मचव्यानं वाहावं, बोलू नये. पण वस्तूत जीव असतो असं आमच्या गावात मानतात, आणि ज्याच्यावर जिवाचा आळ आहे त्यानं एकदा तरी तोंड उघडावं.

माझं झाड देवळामागच्या उतारावर उभं होतं. तोमेझोच्या आजोबांनी लावलेलं. ते तोडायला गेनजिरो मिस्त्री आला. हा किनाऱ्यावरचा मचवे बांधणारा सुतार, जिभेला खडूस, हाताला सरळ. त्यानं बुंध्याशी तांदळाची दारू, साके, ओतली, डोकं टेकवलं आणि म्हणाला, "घेतोय. राग धरू नकोस." मग कुऱ्हाड घातली. आमच्याकडे माफी मागून तोडतात. न मागता तोडण्यापेक्षा बरं. पण तोडलं ते तोडलंच.

फळ्या वाकवताना तो खालून जाळ द्यायचा, वरून पाणी मारायचा आणि शिव्या घालायचा. "वाक. वाक म्हणतो ना! मोडलास तर आज संध्याकाळी माझी आंघोळ तुझ्यावर तापेल." मी वाकलो. त्याला भिऊन नव्हे. लाकडाला पाणी आणि जाळ मिळाला की ते वाकतं, एवढंच. पण मिस्त्री म्हणाला, "शहाणा आहे." तिथून माझ्या नावावर शहाणपण चढलं.

आमच्याकडच्या प्रत्येक मचव्याच्या पोटात एक देवी बसवतात. डोलकाठी जिथं रोवतात त्या लाकडात एक खोबण करतात. तिच्यात कागदाच्या दोन बाहुल्या, दोन फासे, चिमूटभर धान्य आणि घरच्या बाईचे केस ठेवतात. वर खुंटी ठोकतात. ती खुंटी पुन्हा काढायची नाही. मचवा मोडायची वेळ आली, तरच.

माझ्यासाठी केस दिले किनूनं. ती तोमेझोची बायको. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पहाटे भरतीच्या वेळी ती पांढऱ्या कागदात गुंडाळलेली बट घेऊन आली आणि दूर उभी राहिली, कारण बाईनं नव्या मचव्याला शिवायचं नसतं.

"एवढे पुरतील का, मिस्त्री?"

"पुरतात. मला काय टोप विणायचाय?"

"आणि यानं होतं काय?"

"देणं होतं," गेनजिरो म्हणाला. "बाई केस देते, मचवा तिचा माणूस परत आणून देतो. रोजच्या रोज. नाही आणला, तर तो तिचा देणेकरी." त्यानं खुंटीवर शेवटचा घाव घातला आणि माझ्या फळीवर टिचकी मारली. "ऐकलंस ना?"

ऐकलं होतं.

तोमेझो माणसांशी कमी बोलायचा. लढाईवरून परतलेला, एका कानानं बहिरा. पण वस्तूंशी बोलायचा. सकाळी माझ्या कुशीवर थाप मारून "चल" म्हणायचा, संध्याकाळी वाळूवर ओढून घेताना "दमलास" म्हणायचा. दोरी तुटली तर तिच्या दोन्ही टोकांची माफी मागायचा. हे त्याच्या घरातलंच होतं. त्याची आई तात्सू गवताच्या झिजलेल्या चपला चुलीत टाकायच्या आधी दोन्ही हातांत धरायची आणि म्हणायची, "पुष्कळ चाललात. आता बसा." सुनेला मात्र ती कधी बस म्हणाली नाही.

तोमेझोचा धाकटा भाऊ उनोसुके मागे वल्ह्यावर असायचा. तोंडाळ पोरगा. म्हणायचा, "दादा, या वल्ह्यालाही विचार की, जेवलंस का म्हणून."

"विचारीन. ते तुझ्यापेक्षा जास्त राबतं."

"आणि मी?"

"तू जेवलायस ते दिसतंय."

असे आमचे दिवस गेले. वसंतात खडकांवरचं खायचं शेवाळ कापायचं, उन्हाळ्यात माकूळ, आणि थंडी पडायला लागली की खडकाला चिकटणारे मोठे शिंपले. हे शिंपल्यांचं काम अवघड. तळाला काच बसवलेली पेटी दातांत धरून पाण्यावर टेकवायची, तिच्यातून समुद्राचा तळ बघायचा आणि लांब काठीच्या आकड्यानं शिंपला उचकटायचा. माणूस कमरेपासून बाहेर लोंबतो. मागच्यानं वल्ह्यावर मचवा जागच्या जागी धरायचा असतो. म्हणून हे दोघांचं काम. तोमेझो वाकला की मी त्याच्या बाजूला कलायचो. तो म्हणायचा, "बघ, यालाही खाली काय आहे ते बघायचंय."

नव्या वर्षी माझ्या टोकावर भाताचा लाडू ठेवायचे, साके शिंपडायचे. त्या दिवशी कोणी मला पाण्यात लोटत नसे. किनू लांबून नमस्कार करायची. मी तिचा माणूस रोज आणून देत होतो. छाती काढून वाळूवर बसत होतो. गर्व होता मला. तो लपवायचं कारण नाही.

आठ वर्षांनी, शोवा बत्तीसच्या हेमंतात शिंपल्यांचा हंगाम उघडला, त्या सकाळी उनोसुकेचा जबडा सुजला होता. दाढ. डोळा मिटलेला, तोंड उघडत नव्हतं.

"राहू दे," तोमेझो म्हणाला. "वल्हं मी पायानं धरीन."

"एकट्यानं जाऊ नका," किनू म्हणाली.

"एकटा कुठं? हा आहे की." त्यानं मला थाप मारली.

खडकापाशी शेवाळाचा गुंता काठीला बसला. तो कापायला त्यानं कमरेची सुरी काढली. हात गारठलेले. सुरी निसटली आणि पाण्यात गेली.

दुसऱ्या कुठल्या देशातल्या कोळ्यानं दोन शिव्या हासडून नवी सुरी घेतली असती. आमच्या किनाऱ्यावर तसं करत नाहीत. पाण्याच्या देवाला लोखंड सोसत नाही. पडलेलं लोखंड काढता आलं तर काढायचं. नाहीच निघालं तर त्याचं चित्र काढून देवळात वाहायचं आणि क्षमा मागायची. तोमेझोनं पेटी लावून पाहिलं. सुरी खाली एका कपारीवर पडली होती, काठी पोचेल न पोचेल अशी. पोचत नसती तर तो घरी आला असता. तीच मेली पोचण्यासारखी होती.

तो वाकला. मी कललो. आणखी वाकला, मी आणखी कललो. वाकणाऱ्या माणसाबरोबर कलणं, लाकडाला एवढंच येतं. त्याचं वल्ह्यावरचं पाऊल सुटलं आणि तो डोक्याकडून पाण्यात गेला.

तो वर आला. ते मला सांगितलंच पाहिजे. वर आला, तोंडातलं पाणी थुंकलं आणि माझ्याकडे हात केला. मी त्याच्यापासून एका हातावर होतो. तेवढ्यात डोंगराकडून वारा आला. त्यानं मला बाजूला सारलं. तोमेझो दोन हात मारून पुढं आला. वाऱ्यानं मला पुन्हा सारलं. जाड कोट पाणी पीत होता. त्यानं मान वर काढली आणि मला म्हणाला, "थांब रे."

ओरडला नाही. रोज "चल" म्हणायचा तसंच म्हणाला.

मी थांबलो नाही. मचव्याला थांबता येत नाही. त्याला कोणीतरी थांबवावं लागतं. मी वाऱ्याबरोबर गेलो. माझ्यात जीव असता तर मी थांबलो असतो. किंवा जीव असतो आणि त्याला हात नसतात. या दोहोंतलं खरं काय, ते त्या दिवसापासून मला कळलेलं नाही. यातलं दुसरं खरं असेल तर ते पहिल्याहून वाईट आहे.

शेजारच्या गावच्या लोकांनी मला रिकामा धरला आणि ओढत आणला. गावानं तीन दिवस शोधलं. मग समुद्र खवळला, शोध थांबला.

चौथ्या दिवशी सगळे वाळूवर माझ्याभोवती उभे होते. गेनजिरो आत आला, डोलकाठीच्या बैठकीवर गुडघे टेकले आणि खोबणीला कान लावला. देवी आत असली की किड्यासारखी टिकटिकते, असं मानतात. मी आजवर ती टिकटिक कधी ऐकली नाही, पण मला कोण विचारतो?

"काय?" तात्सूनं विचारलं.

"काही ऐकू येत नाही."

"गेली ना? जाणारच." तात्सू सुनेकडे वळली. "केस कोणाचे होते?"

किनू उभी होती. तिनं खोबणीकडे पाहिलं.

"मनात खोट ठेवून दिलेले केस देवी ठेवून घेत नाही. माझ्या नवऱ्याच्या मचव्यात माझे केस होते. माझा नवरा अंथरुणात मेला."

"आई, पुरे," उनोसुके सुजल्या तोंडानं बोलला.

"तू गप्प बस. तुझी दाढ दुखत होती ना? दुखू दे."

"म्हातारे," गेनजिरो उठत म्हणाला, "मी म्हणालो ऐकू येत नाही. मला सत्तरी लागली. मला माझी बायकोही ऐकू येत नाही."

कोणी हसलं नाही. पण तात्सूचा शब्द गावात राहिला. गावाच्या सामायिक आंघोळीच्या घरात किनू आत शिरली की बायका लवकर उरकायला लागल्या.

पुजारी आला. प्रेत न मिळालेल्या माणसाची उशी पुरतात. तसं करू म्हणाला, म्हणजे त्याला मेल्यानंतरचं नवं नाव देता येईल, त्या नावाची पाटी घरच्या देव्हाऱ्यात बसवता येईल, त्याच्या पुढ्यात भात ठेवता येईल. नाही तर आत्मा पाण्यावर उपाशी फिरतो.

किनू म्हणाली, "उशी पुरून काय होणार? उशी घरातच होती. जो बाहेर आहे त्याला आणा."

"कुठून आणू, पोरी?"

"ते मला माहीत नाही. ज्यानं नेला त्याला विचारा."

ज्यानं नेला तो मी.

मग ती रोज सकाळी माझ्याकडे येऊ लागली. मी वाळूच्या वरच्या अंगाला, दगडांवर, उघड्यावर पडलेलो. नमस्काराला येत नव्हती. समोर उभी राहायची आणि बोलायची.

"खाल्लास त्याला. निदान ढेकर तरी दे."

दुसऱ्या दिवशी म्हणायची, "तू परत आलास. तुला लाज कशी वाटली नाही? तूही बुडायचंस."

एकदा फक्त एवढंच म्हणाली, "कुठं ठेवलायस ते सांग. मी रागावणार नाही."

माणसाचं शिव्याशाप सोसणं सोपं आहे. तो उठून जाऊ शकतो. मी तिथंच होतो. तिनं केस दिले होते, मी माणूस दिला नव्हता. वायदा माझ्या तोंडावर झाला होता आणि मी तो ऐकला होता. दगडाला कोणी जाब विचारत नाही. जाब विचारायचा म्हणून तर आमची माणसं वस्तूत जीव घालतात. चपलांचे आभार मानतात, दोरीची माफी मागतात, आणि माणूस बुडला की मचव्यापुढं उभी राहून त्याचा हिशेब मागतात. आभाराच्या वेळी मी काही बोललो नव्हतो. आता कशाच्या तोंडावर म्हणू, की मी नुसतं लाकूड आहे?

बर्फ पडला. माझ्यावर साचला, वितळला, गोठला. कोरड्या वाऱ्यानं माझ्या फळ्या आक्रसल्या आणि सांध्यांतून उजेड आरपार दिसू लागला. कुत्री येऊन टोकाशी तंगडी वर करू लागली. ज्या टोकावर साके शिंपडायचे, त्याच टोकाशी.

तात्सूनं गेनजिरोला बोलावलं. "जाळून टाक. डोळ्यांपुढं नको."

"जाळायचा तर देवी काढावी लागेल."

"ती गेली म्हणालास ना?"

"ऐकू येत नाही म्हणालो. आणि हे बघ, देणं बाकी असलेला मचवा मी मोडत नाही. माझ्या बापानंही मोडला नाही. पडू दे."

त्यानं मला वाचवलं असं नाही म्हणता येणार. जाळलं असतं तर सुटलो असतो.

मार्च सरला. शेवाळ कापायचा हंगाम उघडणार असल्याचा भोंगा वाजला. त्या ठरावीक दिवसांतच कापायचं असतं. त्यावर घराचं वर्ष जातं. आदल्या दिवशी किनू गेनजिरोला घेऊन माझ्यापाशी आली.

"उद्या हा पाण्यात जाईल का?"

गेनजिरोनं सांध्यात बोट घातलं. ते आत गेलं. "चार-सहा दिवस उथळ पाण्यात बुडवून ठेव. फळ्या फुगल्या की जाईल."

"चार दिवसांनी शेवाळ संपलेलं असेल."

"मग नाही जाणार."

"काथ्या ठोकून द्या. निम्मा तरी थांबेल."

"आणि न्यायला कोण? तुझा दीर एकटा?"

"मी जाईन सोबत."

"बाई? या मचव्यात? देवी रुसेल."

"मिस्त्री," किनू म्हणाली, "आता आणखी रुसायचं काय राहिलंय?"

गेनजिरोनं काथ्या ठोकला. दिवसभर ठोकत होता आणि माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला आणि सगळे मचवे एकदम सुटले. उनोसुके वल्ह्यावर, किनू पुढं विळा बांधलेली काठी घेऊन. पाणी लगेच आत यायला लागलं. ती एका हातानं काठी आवळून दुसऱ्या हातानं लाकडी डोणग्यानं पाणी उपसत होती. मला माझी लाज वाटत होती.

चांगल्या खडकापाशी पोचलो तर तिथल्या मचव्यातून एकजण ओरडला, "ए उनोसुके! तो मचवा इकडं नको आणूस. आमच्या बायका घरी वाट बघतायत."

"तुझी बायको तुझी वाट बघते? डोळे तपासून घे तिचे!" उनोसुकेनं उलट सुनावलं. पण वल्हं फिरवलं.

दुसऱ्या खडकापाशीही तसंच झालं. तिथं कोणी काही बोललंच नाही, नुसती काठ्यांनी वाट अडवली. मग आम्ही बाहेरच्या सुळक्यांकडे गेलो. तिथं पाणी ओढतं, शेवाळही आखूड येतं. कोणी जात नाही. तोमेझो पडला ती जागा तिथून लांब होती.

मी त्यांना तिथं नेलं, असं आता गावात बोलतात. खोटं आहे. लोकांनी हाकललं म्हणून आम्ही तिथं गेलो. मी फक्त तरंगत होतो, तेही धड नाही.

किनूनं दोन जुड्या कापल्या. तिसऱ्या वेळी काठी ओढली तर जड लागली. तिनं जोर लावला. शेवाळाचा पुंजका वर आला आणि त्याच्यासोबत कापड वर आलं.

उनोसुकेनं पाहिलं. "वहिनी, तुम्ही बघू नका."

किनू बघत होती.

"वहिनी, नका बघू! चेहरा..."

"मी चेहरा बघत नाहीये. टाके बघतेय."

चेहऱ्याचं मी सांगणार नाही. कोटाचं सांगतो. खांद्यावर निळ्या कापडाचं ठिगळ होतं, त्यावर पांढऱ्या दोऱ्याचे टाके, घट्ट, एकाला एक लागून. समुद्राला त्यातला एकही उसवता आला नव्हता. तिनं त्यावरून बोट फिरवलं.

"माझेच आहेत," ती म्हणाली.

उनोसुके रडायला लागला. पंचविशीचा गडी वल्ह्याला धरून हमसू लागला.

आमच्याकडे एक रीत आहे. पाण्यात प्रेत मिळालं तर तसंच उचलत नाहीत. एकानं प्रेताला विचारायचं, मासे देशील का? आणि मचव्यातल्या दुसऱ्यानं प्रेताच्या वतीनं सांगायचं, देईन. असं बोलणं झालं की मगच आत घ्यायचं. नाही तर मेलेला तुमच्या मागं लागतो. परक्या माणसासाठी केलेली रीत. सख्ख्या भावाला ती कशी लावायची?

"भाऊजी, विचारा," किनू म्हणाली.

"मला नाही जमणार."

"विचारा. नाही तर तो येणार नाही."

उनोसुकेनं नाक पुसलं. "मासे..." तो पाण्याकडे वाकला. "दादा, मासे देशील का?"

उत्तर द्यायला मचव्यात दुसरं माणूस एकच होतं. किनूनं मान वर केली. आणि तिच्या तोंडून जे आलं ते तिच्या बोलण्यासारखं नव्हतं. ती दिराला कधी अरेतुरे करत नसे.

"देईन म्हटलं ना. ओढ लवकर. गारठलोय."

उनोसुकेनं वल्हं सोडलं. मग दोघांनी मिळून त्याला माझ्या डाव्या अंगानं आत घेतलं, रीतीप्रमाणं.

तो फार जड झाला होता. मी घोटाभर पाण्यानं भरलो होतो, आता पाणी पोटरीपर्यंत चढलं. काथ्या एका ठिकाणी सुटला.

"वहिनी, हा बुडणार," उनोसुके म्हणाला. "दादाला दोरी बांधू, मागं ओढत नेऊ."

"नाही."

"अहो, तिघंही जाऊ!"

"एकदा सुटलाय. मी दोरीवर सोडणार नाही. ते टाका." तिनं शेवाळाकडे बोट दाखवलं. घराचं वर्ष होतं ते. उनोसुकेनं ते परत समुद्रात लोटलं, टोपल्याही लोटल्या. विळ्यांना हात घातला आणि थबकला. लोखंड. ते टाकत नाहीत. विळे खाली ठेवताना त्याची नजर भावाच्या कमरेवर गेली.

"वहिनी. म्यान रिकामं आहे."

दोघांनी म्यानाकडे पाहिलं. किनाऱ्यावरच्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही.

"सुरी पडली," किनू हळूच म्हणाली. "तिच्या मागं गेला."

"जाणारच. दादाच तो."

"मला वाटलं होतं, माझ्या केसांमुळे..." तिनं डोणगं उचललं आणि पाणी उपसायला लागली.

किनारा दिसत होता, जवळ येत नव्हता. उनोसुके वल्हं मारत होता आणि मला म्हणत होता, "थोडं राहिलंय. धर. धर रे." हाच पोरगा पूर्वी वल्ह्यावरून टिंगल करायचा. मी काय धरणार? मला हात नाहीत. मला एकच गोष्ट येते, आणि तीही मी करत नसतो, ती होत असते. पाणी बाकापर्यंत आलं. माझ्या कडा लाटेच्या बरोबरीला आल्या. मी बुडालो नाही. का बुडालो नाही ते मला सांगता येत नाही. गेनजिरो म्हणतो, देवदार हलका असतो. तेच खरं असेल.

आम्ही वाळूऐवजी दगडांवर आलो. पाण्यानं भरलेला मचवा वळत नाही. माझा कणा एका दगडावर बसला आणि मोडला. तो आवाज गावानं ऐकला. माणसं धावली. सकाळी ज्यानं हाकललं तोही पाण्यात उतरला होता.

प्रेत उजव्या अंगानं काढलं. तात्सू आली. तिनं मुलाच्या कोटाकडे पाहिलं, मग रिकाम्या म्यानाकडे पाहिलं. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. रीतीनं आधी आईनं हात लावायचा असतो.

"सूनबाई," ती म्हणाली, "तू आधी."

एवढंच. क्षमा वगैरे त्या घरात दोरीची मागतात.

पुजाऱ्यानं मंत्र म्हटले. तोमेझोला नाव मिळालं. डोंगरावर, माझं झाड होतं त्या उतारापासून थोडं खाली, त्याला पुरलं. किनूनं सुरीचं चित्र काढून देवळात वाहिलं. चित्र काही बरं आलं नव्हतं म्हणे.

गेनजिरोनं माझ्या कण्याखाली हात घातला आणि मान हलवली. "आता मोडता येईल." उद्या सकाळी तो खुंटी काढणार. आत देवी होती की नव्हती, ते त्यालाही कळायचं नाही. कागद कुजलेला असेल. मग फळ्या सुटतील. कुणाच्या तरी आंघोळीचं पाणी तापेल. गेनजिरोनं मला ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, फक्त वेळ लागला.

तुम्ही माणसं वस्तूंत जीव मानता. माना. पण एक ऐका. आम्हाला नमस्कार करा, थाप मारा, दमलास म्हणा, आणि तरीही आमच्या भरवशावर एकटे पाण्यात जाऊ नका. बुडणाऱ्या माणसाचा शब्द आमच्यापर्यंत पोचतो, आमच्याकडून त्याच्यापर्यंत काही पोचत नाही. यापरतं दुःख मला माहीत नाही.

आणि वायद्याचं म्हणाल, तर तो जिवंत माणसाचा होता. मी आणलं ते टाक्यांवरून ओळखावं लागलं. हे देणं फेडणं झालं का? मी दिवसभर याच हिशेबात पडून होतो. मला वाटत होतं, नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत किनू थडग्याकडून उतरून आली. पांढऱ्या शोकाच्या कपड्यांत होती. पुढं आली, माझ्या मोडक्या कुशीवर तळवा ठेवला. असा हात तिनं मला कधी लावला नव्हता.

"आणलास," ती म्हणाली. "फिटलं."